उजवीकडे पाव इंच जास्त

७ जानेवारी

आई,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं मी वर लिहिलंय आणि तू वाचलंयस असं समज. सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवातीवरच तीन कागद वाया गेलेत. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस, मग मी चिडते आणि मुद्द्याचं राहून जातं.

कामासाठी लिहिते आहे. मी गोडीत आले असं समजू नकोस.

गेल्या गणवेशांच्या हंगामापासून माझी पाठ धरली आहे. मशीनवर वीस मिनिटं बसले की उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली कळ निघते, ती कमरेत उतरते आणि डाव्या पायाला मुंग्या येतात. दुपारी दुकानात कोणी नसलं की मी कापायच्या टेबलावर आडवी होते. काज-बटणं आणि तुरपाई करायला एक मावशी येतात, त्यांनी मला एकदा तशी पाहिली आणि म्हणाल्या, आता खडूने खुणा करून कात्री चालवू का. त्यांनीच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला तेव्हा मी म्हटलं, हा माझा नाही, बदलला असेल. खाली नाव माझंच होतं. आई, माझा पाठीचा कणा मधे उजवीकडे जातो, खाली डावीकडे येतो, आणि जाता जाता पिळवटला जातो. याला स्कोलिओसिस म्हणतात. बाक एक्केचाळीस अंशांचा आहे. शाळेत कोनमापक असायचं ना, त्यावरचे एक्केचाळीस.

डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी तिला फिजिओबाई म्हणते. तिच्या खोलीत तीन भिंतींना आरसे आहेत, तोंड चुकवायला जागा नाही. ती मोजकंच बोलते. म्हणाली, या वयात कणा सरळ होणार नाही, पण स्नायू कामाला लावले तर दुखणं नक्की कमी होईल. मग विचारलं, हे सुरू कधी झालं? कोणत्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं? म्हटलं, आईला माहीत असेल. म्हणाली, मग विचारा.

म्हणून विचारते. माझ्या डाव्या खांद्यात कापसाची पहिली घडी तू कोणत्या वर्षी घातलीस?

जुनं उकरायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या खारूला शाळेच्या नाटकासाठी काही तरी शिवून द्यावं म्हणून मी पेटीतला माझा जुना झगा उसवायला घेतला. डाव्या खांद्यातून कापूस निघाला. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा लांब कापलेली होती. तुझ्या हातून माप चुकत नाही, म्हणजे तुला माहीत होतं. मी म्हटलं होतं, "तू मला वाकडी वाढू दिलीस आणि वरून इस्त्री फिरवलीस." तू एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस आणि दादाकडे गेलीस. तेव्हा मला वाटलं होतं, खांदा जरा उतरता आहे एवढंच. आत काय आहे ते आता दिसलं.

फिजिओबाईने आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या, त्या महत्त्वाच्या नाहीत. खारू बरी आहे. बारा पूर्ण झाली. अजून दिवसभर काही ना काही कुरतडत असते, तू ठेवलेलं नाव तिने राखलंय.

वर्ष कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी धाकटी

१९ जानेवारी

आई,

दादा म्हणाला, पत्र पोचलंय आणि तू ते चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंयस. उत्तर लिहायला मात्र तुला वेळ नाही. बरं.

व्यायाम चालू आहे. ऐक, कसा असतो ते. उजव्या कुशीकडे वर आलेल्या फासळ्यांखाली वाळूच्या छोट्या पिशव्या लावून निजवतात. मग फिजिओबाई माझ्या पाठीच्या डाव्या खोलगट भागावर तळहात ठेवते आणि म्हणते, इथे श्वास भरा, माझा हात ढकला. पहिले चार दिवस तिचा हात तसूभर हलला नाही. मी सांगितलं, बाई, ती खोली आमच्याकडे नाहीच, आम्ही पुढच्या पडवीतच राहतो. ती हसली नाही. पाचव्या दिवशी तो हात किंचित उचलला गेला आणि मला तिथल्या तिथे रडू आलं. चव्वेचाळीस वर्षांत त्या बाजूला मी श्वास घेतलाच नव्हता म्हणे.

मशीन दोन इंच उंच करून घेतलंय. वीस मिनिटांनी गजर लावून उठते. गिऱ्हाइकांना वाटतं, कुकर लावलाय.

आता ते राहिलेलं सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की तिने विचारलेल्या बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या नव्हत्या. त्यातली एक अशी होती, "घरात दहा ते पंधरा वर्षांची मुलगी आहे का?" मी म्हटलं, नाही.

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. तिने कागदावर रेघ मारली आणि पुढचा प्रश्न घेतला. हे घराण्यात उतरू शकतं, मुलींत जास्त, आणि उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत ते धावतं, हे तिने मला नंतर, पिशव्या लावता लावता सांगितलं. खारू गेल्या वर्षात चार बोटं उंच झाली आहे. मी छताकडे बघत पडून राहिले.

घरी येऊन तिला गणवेशात उभी केली. म्हटलं, खांद्यावरचे केस झटक, मागे वळ, पुढे वळ. आई, अगदी सरळ आहे. दोन्ही खांदे एका रेषेत, खालचा काठ सगळीकडून जमिनीपासून सारखा, शिवण कण्यावरून ओळंब्यासारखी उतरलेली. मी चार वेळा पाहिलं. शेवटी ती म्हणाली, आई, मी काय दुकानातला पुतळा आहे का.

तर तसं काही नाही. तुला उगीच कळवलं असं झालं. तरी वर्ष कळवच.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

आई,

आज जे झालं ते कोणाला सांगू? खारूचे बाबा जहाजावर आहेत, फोन आठवड्यातून एकदा लागतो आणि तोही तुटक. मावशींना माहीत आहे, कारण त्या समोर होत्या. उरलीस तू.

शाळेतून खेळांसाठी तयार शर्ट मिळाले. खारूने घालून दाखवला आणि मला हसू आलं. उजवीकडून काठ वर चढलेला, डावीकडे कमरेशी कापड गोळा झालेलं, गळा एका बाजूला ओढलेला. म्हटलं, कोणत्या आंधळ्याने कापलाय हा. काढ, दुकानात नेऊन नीट करून आणते. आई, मी अगदी ताठ्यात होते. तयार कपड्यांची शिवण हा माझा आवडता विषय आहे.

दुपारी टेबलावर तो पसरला आणि डावी बाजू अर्धा इंच आत घ्यायला टाचण्या लावल्या. मावशी चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "काय करताय?" म्हटलं, वाकडा कापलाय, सरळ करते. त्यांनी टाचण्या काढल्या, शर्ट मधोमध दुमडला, बाहीवर बाही, काठावर काठ. दोऱ्याइतकाही फरक नव्हता.

"शर्ट सरळ आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कशाला माप लावताय?"

मी मापांची वही काढली. खारूचं पान माझ्याच अक्षरात आहे. गेला जून: पाठ डावी साडेतेरा, उजवी साडेतेरा. सप्टेंबर: उजवीकडे पाव इंच जास्त. डिसेंबर: उजवीकडे अर्धा. मी घेतली ही मापं. माझ्या हाताने लिहिली, त्याबरहुकूम कापड कापलं, आणि एकदाही, आई, एकदाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. तूच शिकवलंस ना, अंगातली खोट गिऱ्हाइकाला बोलून दाखवायची नाही, कापडात जिरवायची. वीस वर्षं मी हेच करते आहे. कोणाचा खांदा उतरता, कोणाची कंबर एका अंगाला, सगळ्यांना सरळ करून पाठवते. पोरीलाही तसंच पाठवलं.

तिला उभी करून चार वेळा जे पाहिलं ते तिचं अंग नव्हतं, माझी शिवण होती.

तरीही लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी अजून तिची पाठ पाहिलेली नाही. घरी गेले, ती पुस्तक घेऊन बसली होती, मी चहा टाकला आणि गप्प राहिले. म्हटलं, एका बाजूने झोपत असेल, दप्तर एका खांद्यावर घेत असेल. उद्या बघू. मला भीती वाटते आहे, आई. बघितलं की ते खरं होणार, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात आहे.

तुझी धाकटी

१६ फेब्रुवारी

आई,

तुझं कार्ड आलं. अकराव्या वर्षी पाव. बाराव्या वर्षी अर्धा. तेराव्या वर्षी पाऊण. सोळाव्या वर्षी सव्वा, मग थांबलं. तू दुसरं काही लिहिणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी कार्ड उलटून पाहिलं. आणि तिथे ती ओळ होती. "पोरीची पाठ उघडी करून बघ. कपड्यांवरून बघू नकोस, कपडे तू शिवतेस."

माझं ११ तारखेचं पत्र तुला मिळायच्या आधी तू हे टाकलंस. शिक्क्यावर तारीख आहे.

मग पाहिली. दुपारी, खिडकीच्या उजेडात. तिला म्हटलं, व्यायामाचा एक प्रकार शिकून आलेय, करून दाखव. सदरा काढ, तळहात जुळव आणि खाली वाक. ती हसत वाकली. उजवीकडच्या फासळ्या वर आल्या, डावीकडची बाजू खाली राहिली. फार नाही, उशीखाली हात राहिला तर ती जेवढी उचलली जाते तेवढी. फिजिओबाईने काढलेला माझ्या वाकलेल्या पाठीचा फोटो मी पाहिला होता, त्यामुळे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

"झालं?" तिने वाकूनच विचारलं. म्हटलं, झालं, घाल सदरा.

मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

उद्या फिजिओबाईला जाऊन सांगते की मुलगी आहे.

तुझी धाकटी

४ मार्च

आई,

एकतीस अंश.

फिजिओबाईने मला बोल लावला नाही, हे जास्त लागलं. तिने जुना कागद काढला, माझ्या "नाही"वर काट मारली, "हो, वय बारा" लिहिलं आणि म्हणाली, सहा आठवडे गेले, आता पुढचे घालवायचे नाहीत.

डॉक्टरांचं म्हणणं असं. अजून दोन वर्षं उंची वाढणार, तोवर हे वाढू शकतं. नुसत्या व्यायामाने या टप्प्यावर भागत नाही, पट्टा घालावा लागेल. पट्टा म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे. काखेपासून कमरेखालपर्यंत कडक प्लास्टिकची कवची, पुढून तीन पट्ट्यांनी आवळायची, दिवसाचे अठरा तास. जोडीला रोज व्यायाम. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. पट्ट्याने मागे फारसं येत नाही, पण बहुतेक मुलींचं थांबतं. नाही थांबलं आणि पंचेचाळीसच्या पुढे गेलं, तर ऑपरेशन. कण्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या सळया आणि मणक्यामणक्यात स्क्रू. डॉक्टर हे अगदी शांतपणे सांगत होते. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक कणा होता, खारू त्याचे मणके हलवून बघत होती. मला तिचा हात धरून तिथून पळून जावंसं वाटलं.

आई, तेव्हापासून सुई ओवायला मला मावशी लागतात. रस्त्याने ती पुढे चालत असते आणि मी मागून तिची पाठ बघत असते, आज कालच्यापेक्षा जास्त आहे का. दिवसातून दहा वेळा बघते. तिच्या बाबांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं कर. लांबून एवढंच म्हणता येतं.

खारूने घरी येऊन एकच विचारलं, "तुझ्यासारखं आहे ना हे? तुला दुखतं?"

म्हटलं, छे गं. जास्त बसलं की जरा अवघडतं, एवढंच. कुठून आणखी घाबरवायचं तिला.

मग कवची आली. पहिल्या दिवशी तिने ती घातली, आरशात पाहिलं आणि काढून पलंगावर ठेवली. म्हणाली, मी शाळेत जाणार नाही. समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. शेवटी ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "तू शिवतेस ना आई? असं काही शीव की कुणाला कळणार नाही. मग घालीन मी."

मी शिवलं. शाळेतून सैल गणवेशाची परवानगी आणली. खांद्याला चुण्या, पाठीत दोन खोल घड्या, बाजूला जादा कापडाचा पदर. तीन दिवस बसले, गजर वाजला की उठत होते. आत कवची आहे हे मलाही ओळखता येईना. मावशी सगळीकडून फिरून म्हणाल्या, कमाल आहे. आणि शिवताना मला तू दिसत होतीस, डाव्या खांद्यात कापूस घालणारी. त्या दिवशी तुला जे बोलले ते सगळं परत घेते असं नाही. पण तू तेव्हा किती घाबरली असशील ते आता कळतंय. हे तुला सांगायचं होतं.

तुझी धाकटी

१० एप्रिल

आई,

तुझं कार्ड पोचलं. "पट्टा घालते का, हात लावून बघत जा."

मला राग आला, तो इथेच लिहिते म्हणजे मनात राहणार नाही. ती मुलगी सकाळी माझ्यासमोर पट्टा बांधून घेते, तीन पट्ट्या, मी स्वतः खुणेपर्यंत ओढते. शाळेतून येते तेव्हा अंगावर असतो. मी तिच्यावर पाळत ठेवायची का? आपल्या घरात एकमेकांच्या पाठीमागून बघायची सवय आहे, ती मला पुढे चालवायची नाही.

बाकी सगळं छान आहे. शाळेत एकीलाही कळलेलं नाही. आम्ही दोघी संध्याकाळी शेजारी शेजारी चटया टाकतो, ती मला मोजून देते, मी तिला. ती माझ्यापेक्षा जास्त श्वास भरते. माझ्या पायाच्या मुंग्या गेल्यात. पाऊण तास बसू शकते.

भीती गेलेली नाही. ती सकाळी उठल्या उठल्या येऊन बसते, मग मी कामाला लागते. पण मला वाटतं, हे थांबेल.

तुझी धाकटी

१५ जुलै

आई,

सदतीस.

चार महिन्यांत सहा अंश. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, पट्टा घातला जातोय ना? मी जरा जोरातच म्हटलं, अठरा तास. त्यांनी आम्हाला फिजिओबाईकडे पाठवलं.

तिने खारूचा पट्टा हातात घेतला. आतून बोट फिरवलं, बक्कल उघडलं, मिटलं. मग खारूच्या कमरेला दाब बसतो तिथली कातडी पाहिली. ती मला म्हणाली, "चार महिने अठरा तास घातलेला पट्टा इतका कोरा राहत नाही. कातडीवर खूण असते. हिला नाही."

खारू खाली बघत होती. मग सगळं बाहेर आलं. सकाळी माझ्याकडून बांधून घ्यायची, शाळेत पोचली की खेळाच्या खोलीतल्या कपाटात काढून ठेवायची आणि सुटताना पुन्हा घालायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात गेले की काढायची. रात्री माझा डोळा लागला की पट्ट्या सैल करायची. चार महिने. आणि मला कळलं नाही, कारण मी असा गणवेश शिवला होता की आत पट्टा आहे की नाही ते कोणालाच कळू नये.

तू म्हणाली होतीस, हात लावून बघ. मी लावला नाही. तू मला "सांगितलं होतं ना" म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

मी रागावले नाही, आई. मला राग येतच नव्हता. सदतीस आणि पंचेचाळीस यांच्यात आठच राहिलेत, चार महिन्यांत सहा जातात, आणि मला सारखा तो टेबलावरचा प्लास्टिकचा कणा दिसत होता. मी तिला एवढंच विचारलं, का गं?

ती म्हणाली, "तुझी पण वाकडी आहे. तू कधीच घातला नाहीस. आणि तुला तर दुखत नाही."

फिजिओबाई वळून खिडकीशी गेली, तिथे करण्यासारखं काही नव्हतं तरी.

आई, मी माझी पाठ कोणाला दाखवलेली नाही. खारूच्या बाबांसमोरही मी पाठ भिंतीकडे करून उभी राहते. फिजिओबाई बघते, पण तिचा तो व्यवसाय आहे. मी कुडता काढला. तिन्ही आरशांत मीच होते. खारूकडे पाठ केली, तळहात जुळवले आणि वाकले.

मग तिचा हात आला, आधी नुसती बोटं, मग सगळा तळवा, उजवीकडच्या उंचवट्यावर. गार होता. ती तो खाली नेत गेली, फासळ्यांवरून कमरेपर्यंत, आणि पुन्हा वर.

"दुखतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "रोज. आठ-आठ दिवस मला तुझ्या दप्तराएवढं ओझं उचलवत नाही. टेबलावर निजून रडते मी. मी तुला खोटं सांगितलं."

ती रडायला लागली आणि मीही. वाकलेल्या माणसाला नीट रडताही येत नाही, नाकात जातं. फिजिओबाईने मला सरळ केलं, दोघींना पाणी दिलं, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, चला, व्यायाम राहिलाय.

घरी येऊन मी तो गणवेश उसवला. खारू समोर बसून दोरे ओढत होती. घड्या काढल्या, चुण्या काढल्या, आणि पट्टा अंगावर चढवून त्याच्यावर माप घेतलं. आता तो असला की कडा दिसतात आणि नसला तर कपडा अंगावर लोंबतो, लपवायला कुठे जागाच नाही. तिने घालून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, घाण दिसतोय. म्हटलं, हो, दिसतोय. आज त्याच्यात शाळेत गेली. कोपऱ्यापर्यंत मी खिडकीतून पाहत होते. दोन मुली तिच्या पाठीकडे बोट दाखवून काही म्हणाल्या, ती थांबली, त्यांना काही तरी बोलली आणि पुढे गेली. काय बोलली ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढचा एक्स-रे तीन महिन्यांनी. थांबेल की नाही, कोणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, आता खरं घातलं तर शक्यता आहे. मी घाबरलेली आहे आणि तिला तसं सांगितलंय. तीही घाबरली आहे, तिने मला सांगितलं.

काल व्यायाम झाल्यावर ती चटईवर पालथी पडून मला म्हणाली, "तुझी बघितली. आजीची कशी आहे?"

चव्वेचाळीस वर्षं मी तुझी मुलगी आहे आणि मी तुझी पाठ पाहिलेली नाही. तुझे कपडे तू स्वतःच शिवलेस, दुसऱ्या कोणाला माप घेऊ दिलं नाहीस. तू आमच्यासमोर कधी केस सोडून, पाठ करून बसली नाहीस. मशीनवरून उठताना दाराची चौकट धरायचीस. आम्ही विचारलं की म्हणायचीस, काही नाही.

आई, तुझी दुखते का? कधीपासून? हे कार्डावर लिहून पाठवू नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी येतोय. दार तू उघड, दादाला पाठवू नकोस. खारू तुला विचारणार आहे. तिला "काही नाही" म्हणू नकोस.

तुझी धाकटी